सात खोल्या

रजिस्ट्रीत सात खोल्या होत्या.
किल्ल्या सहाच.
"चार नंबर? वो तो खिड़की से खुलता है,"
कोमलचंदजी म्हणाले, आणि आत हात घालून
कडी काढून दाखवली,
तीस वर्षांच्या सवयीनं.

मी भाव पाडला होता, खोटं कशाला बोलू.
गीझर दोनच चालतात, गच्चीला ओल,
किल्ला दिसतो म्हणता, पण कधी,
तर पाण्याच्या टाकीवर चढलं की.
ते प्रत्येक वेळी मान हलवायचे,
दुखणं शेजाऱ्याचं असल्यासारखी.

सह्या झाल्या. इसार वजा जाता उरलेला चेक
त्यांनी चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला.
दौलतगंजातून गजक आणली, सगळ्यांना वाटली.
संध्याकाळी लोक पांगले, हे काउंटरपाशीच.
मुलाकडे जायची गाडी पहाटे पाचची.
"एक रात का क्या लोगी?"
म्हटलं, पाचशे.
"गीझर तो चलता नहीं," ते म्हणाले,
"छत में सीलन है."

साडेतीनशेवर ठरलं.

रजिस्टर त्यांनीच ओढलं, तारीख घातली,
नाव लिहिलं. वय.
'कुठून आलात' हा रकाना
कोराच सोडून सही केली,
आणि चार नंबरकडे निघाले,
किल्ली न मागता.