शिवणीच्या आतला लाल

हाले शहरात, झाल नदीच्या अलीकडे,
एका बंद बेकरीच्या तळघरात माझा स्कॅनर आहे.
भिंतींना अजून पिठाचा वास येतो,
की मलाच येतो, कुणाला विचारलेलं नाही.

झाइफर्टबाईंनी डबा आणला, झाकणाला वायरमनची टेप,
सोळा मिलिमीटर, चौऱ्याहत्तरचा ऑक्टोबर.
"बहीण आहे त्यात," म्हणाल्या, "लाल कोटात.
लाल म्हणजे लाल हं. गाजरासारखा नव्हे."

फिल्म वोल्फेनची.
तो कारखाना गेला, आणि त्या फिल्मचा रंगतक्ता
माझ्यापर्यंत तरी कुणी पोचवला नाही.
परक्या फिल्मचे तयार तक्ते मिळतात. एक लावून पाहिला:
आकाश पुदिन्याच्या गोळीसारखं,
माणसं उकडलेल्या बटाट्यासारखी.

तक्ता म्हणजे पाढाच.
अमुक आकडा विचारा, तमुक सांगेल,
का म्हणून विचारलंत तर गप्प.
तेहतीस उभे, तेहतीस आडवे, तेहतीस खोल,
पस्तीस हजार नऊशे सदतीस घोकलेली उत्तरं,
आणि दोन उत्तरांच्या मधे
पावकी-निमकी.

माझी आई वोल्फेनलाच होती,
लेप चढवायच्या खोलीत, मिट्ट काळोखात, बावीस वर्षं.
चालताना त्या बायका गुणगुणायच्या,
समोरून येणारीची धडक बसू नये म्हणून.
घरी आल्यावरही म्हणायची, थांब, लगेच दिवा नको.
रंगीत फिल्म तिच्या हाताखालून मैलोन् मैल गेली,
आणि रंगाबद्दल तिला एवढंच सांगता यायचं
की ओला असताना त्याला वास असतो.

करड्यापासून सुरुवात केली. फलाटाचं सिमेंट
आधी सिमेंट व्हायला हवं.
दोन दिवस त्यातच गेले.
मग पानं, मग डब्याचा हिरवा.
लाल काही उतरेना.

तिसऱ्या खेपेला झाइफर्टबाई कोटच घेऊन आल्या.
बहीण उन्हाळ्यात गेली, म्हणून कोट मागे राहिला.
कुठे गेली ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
टेबलावर पसरला, दिवा ओढला,
खांद्यावर, बाहीवर, पाठीवर,
गाजर.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग पर्समधून नखं कापायची कात्री काढली
आणि काखेतली शिवण उसवली, दोन बोटं.
आत, जिथे पन्नास वर्षं ऊन पोचलं नव्हतं,
तिथे लाल होता.
कशासारखाही नाही. लाल.

मी तो मोजला. तीन आकडे.
ठोकळ्यातला तो एक बिंदू धरून ओढला,
कोट पेटला, अगदी तोच,
आणि शेजारपाजारचे बिंदू फरफटत आले:
स्टेशनच्या विटा, हमालाचे कान,
आणि तिचे गाल, ताप चढल्यासारखे.
मागे घेतला तर चेहरा निवला, कोट विटला.
मुखवटा कापून कोट वेगळा करता आला असता,
पण ती चालत होती, वळत होती, हात तोंडाशी नेत होती,
आणि कोटाचा लाल तिच्या हनुवटीवर खरंच पडला होता,
त्या दिवशी, त्या उजेडात.
तो कुठून कापायचा?

"दोन्ही जमणार नाही," मी म्हटलं.
बाई तोवर शिवण घालायला बसल्या होत्या,
माझ्याकडे काळाच दोरा होता.
पडद्याकडे न बघता म्हणाल्या,
"चेहरा ठेवा. कोट माझ्याकडे आहे."

तक्ता जतन केला. नाव: झाइफर्ट, सात.
दुसऱ्या कुठल्याच फिल्मला तो चालणार नाही.