मेंदीच्या रंगाची टाकी

अंबडच्या शेडमध्ये दोन टाक्या.
एकीत मेंदीचा रंग, दुसरीत लिंबू सरबताचा.
मी आधी वायनरीत होतो, सावरगावला;
टाकीवर टकटक केली की आतलं कळायचं.
इथं काही कळत नाही.

दुपारी छतावरचं ऊन तारेतून खाली येतं,
पाण्यात विरतं.
मधे कागदाएवढा पडदा.
दोन्ही द्रव त्याला दोन बाजूंनी घासून जातात,
देवाणघेवाण होते, भेट होत नाही.
भेटले तर संपलं, गोवर्धने मॅडम म्हणतात
आणि जराशा गप्प होतात.

परवा गॅस्केट गळालं, हातमोजा फाटका निघाला.
आधी जळजळ, मग रंग, मनगटापर्यंत.
बसमध्ये एका बाईनं विचारलं, कुणाचं लग्न?
म्हटलं, विजेचं.
ती हसली नाही.

वडील एकलहऱ्याला राख उपसायचे.
कोळसा एकदाच जळतो, म्हणायचे, माणसासारखा.
हे पाणी रोज खर्ची पडतं, रोज पहिल्यासारखं होतं.
जवळजवळ.
रोज त्यातलं चिमूटभर विसरतं
आपण कोण होतो ते,
आणि मॅडम वहीत लिहितात:
अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव पूर्णांक नऊ.

काल रात्री दोनला लाइन गेली.
समोरच्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर
एकदा कण्हला, पुन्हा लागला.
आत थॉमसनच्या पेट्या.
इथं मी, पंपाला कान लावून:
दुपारचं ऊन चाललं होतं
द्राक्षं गार ठेवायला.

सवयीनं मी टाकीवर टकटक केली.