मागच्या दारावरची लोकर

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला, मागच्या गल्लीत
मी टेम्पोच्या पेट्या बांधतो.
पत्रा, चॅनल, रिव्हेट. काटकोन हाच धर्म.
शेठ म्हणतो, माल मावला पाहिजे.
हवेला काय वाटतं ते कोणी विचारत नाही.

ती आली ती लोकरीचे गुंडे घेऊन.
शाल्मली खोत, कॉलेजातली.
चपलेला ग्रीस लागलं तरी खाली बघितलं नाही.
म्हणाली, काका, तुमचा टेम्पो बोथट आहे.
मी म्हटलं, धंदा बोथटच असतो, बाई.
हसली नाही. दातांनी चिकटपट्टी तोडली
आणि मागच्या दारावर वीत-वीत लोकर डकवत सुटली,
लाल, पिवळी,
एक मोरपिशी, आईच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची.

चालवायला मुश्ताक पटवेकर. सव्वीस वर्षं स्टिअरिंगवर.
तो तिला आधीच सांगून बसला होता:
साठच्या पुढे गेलं की मागून कोणीतरी धरतं.
रिकामी असली तरी धरतं.
मालकाला वाटतं, डिझेल मी विकतो.

रात्री तीनला, विक्रोळीहून मुलुंडकडे.
आम्ही दोघं मागच्या जीपमध्ये, काच खाली,
टॉर्च दारावर.
मला वाटलेलं धागे आमच्याकडे उडतील
घोड्याच्या शेपटीसारखे.
कडेचे तेवढे उडाले.
मधले सगळे उलटे वळून
टेम्पोच्याच पाठीला लागले होते,
बाहेर राहिलेलं पोर बंद दाराला खेटतं तसे.

समोरचा वारा अडवतो, काका, पण थोडाच.
तो फुटतो, बाजूने जातो.
कडेला येतो, आणि तुमचा काटकोन त्याला वळता येत नाही.
मग मागे जी जागा रिकामी राहते ना,
ती ओढते.

एकतीस वर्षं मी पुढचीच बाजू सजवली.
नाक गोल केलं, वर सिंह बसवला,
लिंबू-मिरचीसुद्धा पुढेच.
मागे नुसतं हॉर्न ओके प्लीज.

मुलुंड नाक्यावर हवालदाराने हात केला.
दाराभोवती फिरला, लोकर चिमटीत धरून बघितली.
कसला नवस रे?
मुश्ताक म्हणाला, मायलेजचा, साहेब.

मग चार पत्रे कापले, हातभर लांब,
चारी कडांना लावले, आत झुकवून.
बारा अंश. कोनमापक तिचा, हात माझा.
वीसवर नेऊन बघितलं तर लोकर पुन्हा पिसाटली.
वाऱ्याला थोडं थोडं वळवावं लागतं,
एकदम दामटलं की हात सोडून पळतो.
पुन्हा बारावर आणलं. लोकर निवली.
सगळी नाही. मधली थोडी अजून कुजबुजत होती.

भिवंडीची फेरी करून आल्यावर मुश्ताकने टाकीत काठी घातली,
काढून बघितली, पुसली, परत घातली.
बोलला काही नाही.
तीन चहा सांगितले, पैसे स्वतः दिले.

तीन आठवडे.
मग मस्जिद बंदरच्या गोदामात हमालांनी
शिव्या घालत दोन पत्रे उपटले.
दार पूर्ण उघडेना, माल काढताना कोपर कापतं.
त्यांचंही खरं. मी ते कोपर पाहिलं.
तिसरा रिव्हर्स घेताना धक्क्यावर चेपला.
चौथा मीच काढला. त्यावर आता वेल्डिंगचे रॉड वाळत घालतो.

ती म्हणालीये, मिटणारे करू, बिजागरीवाले.
परीक्षा झाली की येते.
बिजागऱ्या मी आणून ठेवल्यात, तेलात.

मोरपिशी धागा मात्र कोणी काढला नाही.
टेम्पो गल्लीतून निघतो, कोपऱ्यावर गिअर बदलतो.
धागा आधी नुसता लोंबतो,
थरथरतो,
मग उलटून दाराला टेकतो.
मी ग्राइंडर बंद करून तेवढं बघतो,
आणि परत चालू करतो.