पाणसळ

आधी माग बोलला.
भिंत नंतर.

वडगावातल्या आमच्या मागल्या खोलीत
दोन माग, एका ठेक्यात चालणारे.
झोपेतही मला कळतं कुठला दमलाय.
त्या फाल्गुनात डाव्याचा ठेका लंगडला,
धोटा जाताना हलका, परतताना जड,
घटकेघटकेला ताण्याचा धागा तुटायचा.
सूत वाईट आलंय, भरमा म्हणायचा.
दोनदा सूत बदलून झालं.

मग फरशीला केसाएवढी रेघ आली.
वैशाखात त्या रेघेत
रुपया उभा राहायला लागला.

ईराण्णा गवंडी आला अनगोळहून, सायकलवर,
कानावर पेन्सिल, पिशवीत पाणसळ.
मागाच्या पायाशी ठेवली
तर बुडबुडा पळाला थेट परसाच्या बाजूला,
हाक ऐकल्यासारखा.
ईराण्णानं खिडकीबाहेर बघितलं.
"बेरु," म्हणाला.
मग माझ्यासाठी, "मूळ."

रबराचं झाड.
एकोणीस वर्षांपूर्वी कॅम्पातून आणलेलं,
डालड्याच्या डब्यात चार पानं.
मला सावली पाहिजे होती, आणि लवकर पाहिजे होती.
आंबा लाव, म्हणाली होती शेजारची देवक्का.
आंब्यासाठी कोण थांबतंय?
डब्याचं बूड कापलं, डब्यासकट पुरलं.
भिंतीपासून किती लांब, कुणाला विचारलं नाही.
दोन ढांगा टाकल्या,
त्याही माझ्या, साडीतल्या.

"मुळासकट काढूया," भरमा म्हणाला
आणि कुऱ्हाड शोधायला गेला.
ईराण्णानं काळी माती चिमटीत घेतली, चुरली.
"ही माती साधी नव्हं.
आज झाड पाणी ओढाय लागलंय, म्हणून आवळून बसलीय.
उद्या झाड नसलं की ते पाणी हिच्याच पोटात.
फुगंल.
आता खचलंय ते घर, तवा उचलंल."

म्हणून चर.
भिंतीपासून तीन फुटांवर, छातीएवढा खोल.
मनगटाहून बारीक ती मुळं तोडायची,
जाड्यांना यंदा हात नाही,
नाहीतर झाडच घरावर आडवं होईल.
चरात शहाबादी फरश्या उभ्या लावायच्या, सांध्याला सांधा.
वरचा तिसरा हिस्सा छाटायचा,
कारण खालचं तोंड कमी केलं
की वरचं पोटही कमी करावं लागतं.

तीन दिवस खणलं.
तोडलेल्या मुळांतून चीक आला,
ईराण्णाच्या मनगटावर वाळला खळीसारखा.

तिसऱ्या दिवशी दिसलं ते असं:
मुळं घराकडं आलीच नव्हती.
ती मोरीकडं चालली होती.
पाइपाचा सांधा फुटलेला,
आत मुळांची जटा, माणसाच्या डोक्याएवढी,
आणि तिच्या टोकांना फिकट किरमिजी रंग.

एकोणीस वर्षं
सूत रंगवून उरलेलं पाणी मी त्याच मोरीत ओततेय.
म्हणजे मीच बोलावत होते त्याला, रोज,
संध्याकाळी, बादलीभर.
भिंत वाटेत होती, एवढंच.

भरमा काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.
नवा पाइप आणायला शहापुरात गेला
आणि येताना माझ्यासाठी विनाकारण कुंदा घेऊन आला.

खोडाजवळ डबाही सापडला.
म्हणजे डबा कसला, गंजाची पट्टी,
मुळानं फाडून अंगात मुरवलेली,
त्यावर माडाच्या चित्रातलं
अर्धं पान शाबूत.
ईराण्णानं ती ठोकून सरळ केली, चारपदरी घडी घातली,
डाव्या मागाच्या पायाखाली सारली.
पाणसळ ठेवली.
बुडबुडा हलला, मधोमध आला,
नाही, मधोमधाच्या जरा अलीकडं थांबला.

"एवढं चालतंय," ईराण्णा म्हणाला.
"पुढल्या वर्षी परत बघू."

आता माग चालतो.
दिवसातून एखादा धागा तुटतो अजून,
मी उठते, सांधते, कान देते.
परसात छाटलेलं झाड बोडकं उभं आहे,
सावली पूर्वीच्या निम्मी.
दुपारी ती चरापर्यंत येते
आणि चर ओलांडून घरातही येते.
तिच्यासाठी फरशी कुठं उभी करणार?