अधिक अकरा

ड्युलूथहून परतताना बसमध्ये सगळे झोपलेत,
मी आणि ड्रायव्हर सोडून.
मांडीवर लॅपटॉप, काचेबाहेर बर्फ
आणि तक्त्यात एमरी टॉलिव्हर:
गुण दोन. रिबाउंड एक. असिस्ट नाही.
फाउल मात्र चार.

कोच क्रूगर म्हणाले होते,
या पोराची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी
कशाच्या जोरावर चालू ठेवायची?
आकडे आण.

आणले.
तो मैदानात होता ती चोवीस मिनिटं
आम्ही अकरानं पुढे.
तो बाकावर बसला ती सोळा मिनिटं
चौदानं मागे.
हरलो तीननं.

हे कसं, ते आकडा सांगत नाही.
म्हणून व्हिडिओ लावला, आवाज बंद करून.
समोरचा धिप्पाड गडी एमरीच्या छातीवर आदळतो,
तेवढ्यात आमचा दुसराच कुणी मोकळा सुटतो,
चेंडू जाळीतून खाली.
सगळे त्याच्या पाठीवर थाप मारायला धावतात.
चौकटीच्या कडेला एमरी उठतोय,
कोपर चोळत.

याला रकाना नाही.
मी एक आखला. नाव सुचेना,
शीर्षकाच्या जागी नुसता ठिपका ठेवला
आणि मोजत बसले.
एक. दोन. बराच वेळ काहीच नाही. तीन.
सातव्याला
पलीकडच्या सीटवर तो कूस बदलतो,
झोपेतच गुडघ्यावरची बर्फाची पिशवी चाचपतो.

तिचं केव्हाच पाणी झालंय.
कोचना अहवाल सकाळी आठला हवाय.