शेवटची चार मिनिटं

काचेच्या नळकांड्यात पाणी, पंचवीस अंश.
पांढरा उंदीर सोडायचा
आणि घड्याळाचं बटण दाबायचं. हे माझं काम,
बेळगावच्या फार्मसी कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर.
सहा मिनिटं. पहिली दोन सोडून द्यायची,
तेव्हा सगळेच हातपाय मारतात.
शेवटच्या चारात जो थांबतो,
नुसतं नाक वर ठेवून तरंगतो,
त्याचे सेकंद वहीत लिहायचे.
मॅडम याला हताश होणं म्हणतात.
पेपरात दुसरा शब्द घालतात.

ज्यांना दवण्याचं तेल दिलं
ते थोडे जास्त पोहले.
"बरं करतं असं लिहू नको हं, सातेरी,
दिसून येतं, एवढंच लिही."

दवणा. कन्नडात दवन.
मोनाप्पाच्या धारवाडच्या कागदावर
आजाराचं नावही असंच शेजारचं:
खिन्नते. आमच्यात काना, त्यांच्यात मात्रा.
पाट्यांवरून इथं दगड पडलेत,
या शब्दावरून कुणाचं भांडण नाही.

मोनाप्पा माझा भाऊ. वडगावात आमचे दोन माग.
एक विकला. दुसऱ्यावर अर्धी साडी,
अबोली, काठ धरलेला,
गणपतीपासून तशीच.
तो भिंतीकडे तोंड करून.
आई म्हणते नजर, काका म्हणतो आळस,
शेजारची गंगव्वा म्हणते, लग्न लावा की त्याचं.
मी काहीच म्हणत नाही.
घरात हातात घड्याळ नव्हतं,
पहिली दोन मिनिटं कधी संपली
कळलंच नाही.

शुक्रवारी चोरी केली.
मणभर दवणा वाफवला तरी वाटी भरत नाही,
म्हणून तीनच थेंब, कापसाच्या बोळ्यावर,
डब्याच्या वरच्या खणात.
बसमध्ये कंडक्टर "टिकीट, अक्का" म्हणाला
आणि हुंगत थांबला.
"जोतिबाला गेल्ता काय?"

रात्री आधी गोळी दिली.
गोळी चुकवायची नाही, हे मी स्वतःला
जिन्यातच बजावलेलं.
मग बोळा उशीजवळ ठेवला.
बराच वेळ काही नाही.
पाल चुकचुकली. परत काही नाही.
मग भिंतीकडून आवाज आला,
"चैत्र लागला काय?"

मार्गशीर्ष होता.
"नाही रे," मी म्हणाले, "उंदरांचं औषध हाय."
बोलून गेल्यावर जीभ चावली.
तो वळला. कितीतरी दिवसांनी
त्याचं अख्खं तोंड दिसलं, दाढी वाढलेली.
"मारायला आणलीस काय की मला?"
आणि ओठाचा एक कोपरा
हलला, की दिवा हलला, माहीत नाही.
हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

मग सगळं सांगितलं. नळकांडं, पाणी, सेकंद.
तो ऐकत होता.
"पोहून झाल्यावर काय करतीस त्यांचं?"
"पुसते. जुन्या टॉवेलनं.
दिव्याखाली ठेवते, वाळेपर्यंत."
"आणि मग?"

बोळा मी त्याच्या हातात दिला.
"मग काय. जेवतात."

"खोटं," तो म्हणाला,
आणि मूठ मिटली.