शेऱ्याचा रकाना

ऑक्टोबर संपता संपता तिकडे घड्याळं मागं सारतात.
मग दीडची बैठक अडीचवर येते,
आणि अडीचला तेरमधली लाईट जाते.
हे मी सात देशांना तीनदा कळवलं.
तिघांनी आभार मानले.
पोर्तोच्या दुआर्तनं विचारलं,
जाते म्हणजे, कुठं जाते?

गोदामात पत्र्याखाली रेंज नाही
म्हणून मी उंबऱ्यावर बसते.
मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये कापूस,
कापसात त्रेचाळीस खापरं,
तेरणेकाठच्या पांढरीतून निघालेली.
यांचीच भावंडं, म्हणे, लायडनच्या कपाटात,
काही क्राकोच्या तळघरात,
आणि एक ल्युब्लियानात,
कुण्या साहेबाच्या ट्रंकेतून गेलेलं.

सगळ्यांची मिळून एक यादी करायची.
एक यादी, एक शब्दसूची, एकाच तऱ्हेची तारीख.
दोन वर्षं झाली, अजून तारखेवरच आहोत:
दिवस आधी, का महिना, का साल.

शब्दांचं तर विचारूच नका.
त्यांच्या सूचीत फुटक्याला एकच शब्द.
मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं हो,
निखारा न्यायला कामी येतं ते खापर,
कोंबड्यांना पाणी ठेवतात ते परळ,
पोरींनी घासून गोल केली की ती ठिकरी,
फुटल्यावरही ज्याचं त्याचं काम निराळं.
क्राकोच्या हालिनाबाई थोडा वेळ गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, आमच्याकडेही होते असे,
सूची करताना गळाले.

अहवाल लांबला तेव्हा
लायडननं पोर्तोकडं बोट केलं,
पोर्तोनं क्राकोकडं,
क्राकोनं अदबीनं माझ्याकडं.
मी काही बोलले नाही.
फोडायचं तर फोडा,
खापरांची आमच्याकडं ददात नाही.

गुरुवारी सोजरबाई कुंभारीण
ऑफिसच्या पाण्याची घागर घेऊन आली.
हातमोजे घाला म्हणायच्या आत
तिनं सत्तावीस नंबर उचललं,
आतल्या अंगानं बोट फिरवलं.
'डावखुरी हुती गं ही.
थापटणं डाव्या हातात, गोटा उजव्यात.
आन् घाईत हुती. हितं बग, निपटलंच न्हाई.'
खापर ठेवलं,
घागरीचे दीडशे कनवटीला लावले
आणि गेली.

आमच्या तक्त्यात बावन्न रकाने.
जाडी आहे, रंग आहे, भाजणीचा अंदाज आहे,
मालकी आहे, विम्याची रक्कमसुद्धा.
घाईचा नाही.

मी नवा रकाना मागितला.
त्याला सातही देशांची संमती लागते.
चौघांनी हात वर केले.
दोघांचा आवाजच आला नाही.
लायडननं पुरावा मागितला.
मी लिहिलं: सोजरबाई, वय सत्तर,
थापटणं धरल्याला पंचावन्न वर्षं.
उलट टपाली आलं: संस्था कोणती?

ल्युब्लियानाची मातेया
बैठकीत कधी बोलत नाही.
त्या रात्री तिनं त्यांच्याकडचं एकुलतं खापर
पालथं करून, दिवा तिरका धरून
फोटो पाठवला.
आतल्या अंगाला खळगे,
थेट आमच्यासारखे, एका बाजूला कललेले.
खाली एवढंच: हीपण?

सकाळी कुंभारवाड्यात गेले.
सोजरबाईनं मोबाईल लांब धरला,
जवळ घेतला, पदरानं काच पुसली.
मी दोन हजार वर्षांच्या बहिणी
मनातल्या मनात भेटवूनही टाकल्या होत्या.
'न्हाई,' ती म्हणाली. 'डावखुरी हाय, खरं हाय.
पर ही निराळी. हिला येळ हुता.'
आणि आव्यात शेणी रचायला लागली.

मतदान अजून लोंबकळत आहे.
तोवर शेऱ्याचा रकाना आहेच,
सगळ्यात शेवटी, दोनशे अक्षरं मावतात.
ल्युब्लियानाच्या ओळीपुढं मी लिहिलं:
हिला वेळ होता.
आणि तारीख घातली,
साल आधी.